इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा

महाराष्ट्रात घर घेतलेल्यांना दुय्यम निबंधकाचं कार्यालय, अंगठ्याचा ठसा, सूची २ आणि त्या दिवशी बरोबर येणारा वकील ही सगळी व्यवस्था ओळखीची असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये खरेदीदार आणि विक्रेता एका टेबलावर बसून सह्या करतात असं कुठलंही कार्यालय नाही. मालकी तपासण्यापासून पैसे पोचवण्यापर्यंत आणि शेवटी एचएम लँड रजिस्ट्रीत (सरकारी मालमत्ता नोंदणीत) तुमचं नाव लागेपर्यंतचं सगळं काम तुमचा सॉलिसिटर करतो, आणि बरेच खरेदीदार त्याला एकदाही भेटत नाहीत. म्हणून ही निवड एजंटवर सोडू नका. घर पाहायला जेवढा वेळ देता, त्यातला थोडा वेळ इकडे द्या.

इथली माहिती इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडचा कायदा आणि खरेदीची पद्धत वेगळी आहे, तिथे स्कॉटिश सॉलिसिटरच लागतो. उत्तर आयर्लंडचंही तसंच.

१. सॉलिसिटरचं काम काय आणि काय नाही

घरखरेदीचं कायदेशीर काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं (एसआरए) नियंत्रण असतं, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचं (सीएलसी). साध्या खरेदीसाठी दोघंही चालतात. घटस्फोट, वारसा, ट्रस्ट किंवा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असं काही जोडलेलं असेल तर सॉलिसिटर बरा, कारण त्याच फर्ममध्ये त्या विषयाचं माणूस मिळू शकतं.

तुमचा सॉलिसिटर विक्रेत्याची मालकी तपासतो, कौन्सिल, पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरणाचे सर्च (नोंदींचे अहवाल) मागवतो, विक्रेत्याच्या सॉलिसिटरला प्रश्न विचारतो, बँकेची कर्जाची कागदपत्रं पाहतो, स्टॅम्प ड्यूटी भरतो आणि नोंदणी करतो. तो घर पाहायला मात्र येत नाही. भिंतीला ओल आहे का, छप्पर खचलंय का, हे त्याला कळणार नाही. ते काम सर्व्हेअरचं. बँक जे व्हॅल्युएशन करते ते बँकेच्या सोयीसाठी असतं, त्याला सर्व्हे समजू नका. घर आधुनिक आणि ठीकठाक असेल तर आरआयसीएस (सर्व्हेअरांची संस्था) लेव्हल २, जुनं किंवा वाढवलेलं असेल तर लेव्हल ३ सर्व्हे करून घ्या आणि त्यातले कायदेशीर मुद्दे सॉलिसिटरला पाठवा. दोघं आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत.

२. शोध ऑफर देण्याआधी सुरू करा

ऑफर मान्य झाली की त्याच दिवशी एजंट विचारतो, "तुमचा सॉलिसिटर कोण?" उत्तर तयार नसेल तर तो स्वतःच्या ओळखीची फर्म पुढे करतो. या शिफारशीमागे बहुतेकदा रेफरल फी असते: तुमचं काम मिळाल्याबद्दल फर्म एजंटला पैसे देते. हे बेकायदेशीर नाही, पण ते तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. "आमचा सॉलिसिटर घेतलात तरच ऑफर पुढे नेऊ" असं एजंट म्हणाला तर बिनधास्त नकार द्या. अशी सक्ती तो करू शकत नाही.

नव्या बांधकामात हा दबाव जास्त असतो. बिल्डर आपल्या पॅनेलवरच्या (ठरलेल्या यादीतल्या) फर्मचं नाव देतो, काही वेळा सवलतही जोडतो, आणि साधारण २८ दिवसांत एक्स्चेंज (करार बंधनकारक होण्याची पायरी) करा असा तगादा लावतो. मुदत खरी असते, म्हणून नव्या बांधकामाचा सराव असलेली स्वतंत्र फर्म आधीच ठरवून ठेवा. ज्या फर्मला वर्षभर त्याच बिल्डरकडून काम येतं, ती तुमच्यासाठी त्याच्याशी कितपत भांडेल, हा प्रश्न स्वतःला विचारा.

तीन फर्मची यादी पुरते. त्यातली किमान एक घराच्या परिसरातली असावी.

३. 'लोकल' म्हणजे घराजवळचा

लोकल सॉलिसिटर म्हणजे तुमच्या सध्याच्या भाड्याच्या घराजवळचा नव्हे, जे घर घेताय त्याच्या परिसराची कागदपत्रं रोज हाताळणारा. हॅरोमध्ये राहून लेचवर्थला घर घेत असाल तर लेचवर्थ-हिचिनकडची फर्म शोधा.

याचा फायदा कुठे होतो ते पाहा. लेचवर्थ गार्डन सिटी, वेलिन गार्डन सिटी आणि हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब इथे कौन्सिलच्या नेहमीच्या बांधकाम परवानगीखेरीज आणखी एक, व्यवस्थापन योजनेची परवानगी लागते. आधीच्या मालकाने खिडक्या बदलल्या किंवा पुढची बाग फरशी टाकून पार्किंगला घेतली, तर कौन्सिलची हरकत नसली तरी योजनेचा भंग झालेला असू शकतो. तिथला सॉलिसिटर हा प्रश्न पहिल्या यादीतच विचारतो. साउथ वेल्स, यॉर्कशर, डरहॅम इथे कोळशाच्या जुन्या खाणींचा सर्च लागतो, कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणींचा, चेशरमध्ये जमिनीखालचं मीठ काढल्यामुळे खचणाऱ्या जमिनीचा. बऱ्याच नव्या वसाहतींमध्ये रस्ते कौन्सिलने ताब्यात घेतलेले नसतात आणि घरांना इस्टेट रेंटचार्ज (सामाईक देखभालीची आकारणी) लागतो. त्यातली जुनी कलमं काही बँकांना चालत नाहीत. त्या वसाहतीतली आठ-दहा घरं ज्याने आधी केली आहेत, त्याला हे कागद पाठ असतात.

लोकल असण्याला मर्यादाही आहेत. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचा) फ्लॅट उंच इमारतीत असेल तर पत्त्यापेक्षा त्या प्रकारच्या कामाचा अनुभव महत्त्वाचा. आणि फर्मचं ऑफिस गावात असलं तरी तुमची फाइल दुसऱ्या शहरातल्या केंद्रात हाताळली जात असेल, तर तो पत्ता नावापुरताच. हे विचारूनच कळतं.

४. नाव रजिस्टरवर तपासा

फर्मच्या वेबसाइटवर एसआरए क्रमांक असतो. तो क्रमांक एसआरएच्या सॉलिसिटर्स रजिस्टरमध्ये स्वतः टाकून पाहा. लिंकवरून जाऊ नका. फर्मचं नाव, पत्ता, फोन आणि वेबसाइट तिथल्या नोंदीशी जुळतात का पाहा, तुमची फाइल हाताळणाऱ्या सॉलिसिटरचं नावही शोधा आणि काही कारवाई नोंदलेली आहे का बघा. कन्व्हेयन्सर असेल तर हेच सीएलसीच्या यादीत. खऱ्या फर्मचं नाव लावून चालवलेल्या बनावट वेबसाइट असतात, म्हणून ही पाच मिनिटं द्याच.

लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम (सीक्यूएस) ही मान्यता असेल तर चांगलं. बऱ्याच बँका ती मागतात. त्यावरूनच पुढचा महत्त्वाचा मुद्दा येतो: फर्म तुमच्या बँकेच्या पॅनेलवर हवी. नसेल तर बँक स्वतःचा वेगळा सॉलिसिटर लावते, त्याची फी तुमच्याकडून घेते, आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात आठवडे जातात. मॉर्टगेज कुठल्या बँकेचं हे ठरलं नसेल तर ब्रोकर ज्या दोन-तीन बँकांबद्दल बोलतोय त्यांची नावं सांगून विचारा.

५. कोटेशन ओळ न ओळ वाचा

डिसेंबर २०१८ पासून एसआरएच्या नियमांनुसार घरखरेदीच्या कामाचे दर वेबसाइटवर देणं फर्मना बंधनकारक आहे. तरीही जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत मोठा फरक पडतो. कारण मूळ फी कमी दाखवून बाकीचं 'अतिरिक्त काम' म्हणून लावलं जातं. लीजहोल्ड फ्लॅट, मॉर्टगेज आणि आई-वडिलांनी दिलेली भेट अशा खरेदीचं नमुना बिल असं दिसू शकतं:

- मूळ फी: ६९५ पौंड
- लीजहोल्डचे जादा: ३५०
- बँकेच्या वतीने काम: १५०
- भेट रकमेची तपासणी, दोन दात्यांची प्रत्येकी ७५: १५०
- स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरणं: ९५
- ओळख तपासणी, दोघांची: ३०
- पैसे पाठवण्याचं शुल्क: ४०

झाले १,५१० पौंड. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १,८१२. म्हणजे ६९५ ची जाहिरात अडीच पटींहून वर गेली. दुसऱ्या फर्मने सगळं धरून १,४०० अधिक व्हॅट असं सांगितलं असेल तर तीच स्वस्त आहे.

फीशिवायचा खर्च, म्हणजे सर्च, लँड रजिस्ट्रीची नोंदणी फी आणि लीजहोल्ड असेल तर जमीनमालकाला नोटीस देण्याची फी, सगळीकडे जवळपास सारखाच येतो. तुलना फीची करा. 'नो कम्प्लीशन, नो फी' (कम्प्लीशन म्हणजे पूर्ण पैसे देऊन घर ताब्यात येणं) असं लिहिलेलं असलं तरी मागवलेल्या सर्चचे पैसे परत मिळत नाहीत, आणि व्यवहार मोडल्यावर दुसऱ्या घराला तीच सवलत लागू होते का, हे लेखी विचारून घ्या.

घराचं टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) स्वतः पाहायचं असेल तर सरकारी वेबसाइटवर ७ पौंडांत मिळतं. शोधल्यावर वर येणाऱ्या खासगी साइट त्याच कागदाचे कितीतरी जास्त घेतात.

६. फोन करा आणि हे विचारा

ईमेलवर सगळ्याच फर्म गोड उत्तरं देतात. फोन उचलायला किती वेळ लागतो आणि पलीकडचं माणूस नेमकं उत्तर देतं का, यावरूनच बरंच कळतं.

- माझी फाइल कोण हाताळेल? ती व्यक्ती पात्र सॉलिसिटर किंवा कन्व्हेयन्सर आहे का, की केस हँडलर? केस हँडलर असेल तर देखरेख कोणाची?
- त्या व्यक्तीकडे आत्ता किती फाइल आहेत? ती रजेवर गेली तर कोण?
- थेट फोन नंबर आणि ईमेल मिळेल का, की सगळं पोर्टलवरूनच?
- अमुक बँकेच्या पॅनेलवर आहात का?
- भारतातून आलेले पैसे स्वीकारता का? त्यासाठी कुठले कागद लागतील?
- भारतातल्या मालमत्तेमुळे स्टॅम्प ड्यूटी किती लागेल याबद्दल लेखी सल्ला द्याल का?
- फ्लॅट असेल तर: इमारत ११ मीटर किंवा पाच मजले वा त्याहून उंच असल्यास बिल्डिंग सेफ्टी ॲक्टखालचं काम करता का?

शेवटचा प्रश्न लहान वाटतो, पण त्यावर खरेदी अडकते. २०२२ च्या या कायद्यानंतर उंच इमारतींतल्या फ्लॅटसाठी लीजहोल्डर आणि जमीनमालक या दोघांची प्रमाणपत्रं तपासावी लागतात. जबाबदारी मोठी असल्याने बऱ्याच फर्म असे फ्लॅट घेतच नाहीत. काही फर्म फाइल उघडतात, महिनाभराने इमारतीची उंची कळते आणि काम परत करतात. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चांगला सॉलिसिटर सुचवा' असं विचारताना हाच तपशील घाला: फ्लॅट की घर, फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, कुठला परिसर. ज्याने टेरेस्ड (ओळीतलं, भिंतीला भिंत असलेलं) घर घेतलं त्याची शिफारस चौदा मजली इमारतीला उपयोगी पडेलच असं नाही.

७. भारतातलं घर पहिल्याच दिवशी सांगा

मराठी खरेदीदारांचे सर्वांत जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून नीट वाचा.

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून स्टॅम्प ड्यूटी अशी आहे: पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, मग ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, आणि त्यावर आणखी चढे दर. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत शून्य आणि तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या वर गेली तर ही सवलत पूर्ण जाते.

'पहिल्यांदा' याचा अर्थ जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातल्या फ्लॅटवर तुमचं नाव कधी लागलं असेल, तो विकून टाकला असेल, वारशाने घरात हिस्सा आला असेल, तरी ही सवलत मिळत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघंही या कसोटीत बसले पाहिजेत.

त्याहून जड गोष्ट दुसऱ्या घरावरच्या अधिभाराची. खरेदीच्या दिवशी तुमच्या नावावर जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचं घर किंवा हिस्सा असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा. नवरा-बायको एक धरले जातात: घर बायकोच्या नावावर आणि इथलं घर एकट्या नवऱ्याच्या नावावर घेतलं तरी अधिभार लागतो. पुण्या-ठाण्यातला वन बीएचकेही बहुधा ४०,००० च्या वर जातो.

४,००,००० पौंडांच्या घरावर फरक पाहा. पहिली खरेदी असेल तर ५,००० पौंड. पूर्वी घर होतं पण आता कुठेच नाही, तर १०,०००. ठाण्याचा फ्लॅट अजून नावावर असेल, तर ३०,०००.

शिवाय खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही यूकेमध्ये १८३ दिवस राहिला नसाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के लागतात. पुढे नियमाप्रमाणे दिवस भरले तर हे २ टक्के परत मागता येतात. नुकतेच आलेल्यांनी पासपोर्टच्या नोंदी आणि विमानाची तिकिटं जपून ठेवावीत.

वडिलोपार्जित हिस्स्याला काही अपवाद आहेत. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला, निम्म्यापर्यंतचा हिस्सा अधिभारासाठी धरला जात नाही. राहतं जुनं घर विकलं असेल तर त्याचेही वेगळे नियम आहेत. म्हणून सॉलिसिटरला मोघम 'गावाकडे घर आहे' असं सांगू नका. कोणाच्या नावावर, कधीपासून, किती हिस्सा, कसा मिळाला आणि अंदाजे किंमत हे एका पानावर लिहून द्या. बऱ्याच फर्मच्या अटींत 'आम्ही करसल्ला देत नाही' असं वाक्य असतं. तसं असेल तर करसल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या. रिटर्नवर तुमच्या वतीने चुकीचं लिहिलं गेलं तरी जबाबदारी तुमची.

वेल्समध्ये लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स हा वेगळा कर आहे, त्याचे टप्पे वेगळे आहेत आणि पहिल्या खरेदीची सवलत तिथे नाही.

८. पैशांचा माग

२०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांमुळे सॉलिसिटरला प्रत्येक पौंड कुठून आला हे पाहावं लागतं. खात्यात पैसे आहेत एवढ्याने भागत नाही, ते तिथे कसे साठले तेही दाखवावं लागतं. पगारातली बचत असेल तर सहा महिन्यांची स्टेटमेंट बहुतेकदा पुरतात. भारतातून येणाऱ्या पैशांना साखळी लागते.

समजा नाशिकला वडिलांची एफडी मोडून रक्कम येणार आहे. एफडीची पावती, ती कशातून झाली (निवृत्तीची रक्कम, जमीन विक्री), मुदत संपल्यावर बचत खात्यात जमा झाल्याची नोंद, बँकेने परदेशी पाठवल्याचा कागद आणि तुमच्या यूके खात्यात आल्याची नोंद, अशी सगळी कडी लागते. एक जरी दुवा गळला तर प्रश्न परत येतो.

भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आई आणि वडिलांची मर्यादा स्वतंत्र. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर अशा भेटीसाठी २० टक्के टीसीएस कापला जातो. तो आयकर रिटर्नमध्ये परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात. रक्कम ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागली तर हा भार कमी होतो. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि बँकेला वेळ लागतो.

काही गोष्टी जवळपास नक्की अडतात:

- भिशीचे पैसे. कागद नसतो, सभासदांच्या सह्यांची वही पुरावा म्हणून चालत नाही.
- जमीन विक्रीतली रोख रक्कम. खरेदीखतात जो आकडा आहे तेवढाच मान्य.
- मित्रांकडून घेतलेले उसने. ते कर्ज आहे, बँकेला सांगावं लागतं. 'भेट' म्हणून दाखवणं हा गुन्हा ठरू शकतो.
- मराठीतलं खरेदीखत किंवा पासबुक. प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, ते आधीच करून ठेवा.
- भारतीय बँकेतून थेट सॉलिसिटरच्या खात्यात पैसे पाठवणं. बऱ्याच फर्म ते स्वीकारत नाहीत. आधी स्वतःच्या यूके खात्यात आणा, एक्स्चेंजच्या निदान तीन आठवडे आधी.

आई-वडिलांनी भेट दिली तर त्यांना 'ही रक्कम परत नको आणि घरावर आमचा हक्क नाही' असं पत्र द्यावं लागतं, सोबत पासपोर्ट आणि बँक स्टेटमेंट. ते तुमच्याबरोबर कायम राहणार असतील तर बँक त्यांच्याकडून वेगळ्या संमतीपत्रावर सही मागते. हे त्यांना मराठीत नीट समजावून सांगा. वयस्कर माणसाला असा कागद अचानक पुढे आला की वाईट वाटतं.

९. नावाची जुळवाजुळव

मराठी माणसाच्या पासपोर्टवर बहुतेकदा नावाबरोबर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. यूकेच्या बँकेत तेच नाव मधलं गाळून लागतं. लग्नाआधीच्या एफडीवर माहेरचं नाव असतं. म्हणजे 'मीनल राजेश पाटील', 'मीनल पाटील' आणि 'मीनल विजय देशमुख' या सॉलिसिटरच्या दृष्टीने तीन बायका. मॉर्टगेजचा अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा, बाकी कागदांसाठी इंग्रजी विवाह प्रमाणपत्र ठेवा. मॉर्टगेज ऑफरमधलं नाव चुकलं तर ती नव्याने काढावी लागते आणि त्यात आठवडा सहज जातो.

नेमणूक करतानाची कागदपत्रं

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा तपशील
- पत्त्याचा पुरावा: कौन्सिल टॅक्स बिल किंवा बँक स्टेटमेंट, तीन महिन्यांच्या आतलं
- सहा महिन्यांची सर्व खात्यांची स्टेटमेंट, पीडीएफ, सगळी पानं
- भेट असेल तर दात्याचं पत्र, ओळख, स्टेटमेंट
- भारतातल्या मालमत्तेचं एक पानी टिपण
- लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठीही वापरता येणारं बचत खातं) असेल तर खात्याचा तपशील (तो पैसा सॉलिसिटरमार्फतच निघतो, घर ४,५०,००० पौंडांपर्यंतच)
- ब्रोकर आणि एजंट यांची नावं व ईमेल
- सर्चसाठी आगाऊ रक्कम, बहुतेकदा ३०० ते ५०० पौंड

१०. काम सुरू झाल्यावर

ऑफरपासून किल्लीपर्यंत तीन-चार महिने धरा, लीजहोल्डला जास्त. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नेमका प्रश्न विचारणारा ईमेल पाठवा: "कोणता सर्च बाकी आहे? कोणत्या प्रश्नाचं उत्तर विक्रेत्याकडून यायचं आहे?" 'काही अपडेट?' याला 'प्रतीक्षा सुरू आहे' एवढंच उत्तर येतं.

विक्रेत्याने घराची माहिती भरलेला टीए६ फॉर्म स्वतः वाचा. त्यात शेजाऱ्याशी वाद, पूर, केलेले बदल अशी उत्तरं असतात आणि घर पाहताना जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ते सॉलिसिटरला माहीत नसतं. फॉर्मवर 'कोणतेही बदल नाहीत' आणि वर मात्र पोटमाळ्यात नवी बेडरूम, असं दिसलं तर फोटोसह कळवा.

याच पोटमाळ्यावर एक सापळा आहे. कौन्सिलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट (काम बांधकाम नियमांनुसार झाल्याचा दाखला) नसेल तर विक्रेता इन्डेम्निटी विमा देऊ करतो. तो विमा कौन्सिलने कारवाई केली तर उपयोगी पडतो. जिना अरुंद आहे, आगीत बाहेर पडता येत नाही, तुळया कमकुवत आहेत, यासाठी काडीचा उपयोग नाही. आणि उत्सुकतेपोटी तुम्ही स्वतः कौन्सिलला फोन केलात तर तो विमा मिळतच नाही. आधी सॉलिसिटरशी बोला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग ठरवा.

लीजहोल्डमध्ये उरलेली वर्षं पाहा. ८० च्या खाली गेलेलं लीज वाढवणं महाग पडतं. ८३-८४ वर्षं उरली असतील तर वाढवण्याची प्रक्रिया कोण सुरू करणार हे आत्ताच ठरवा. सर्व्हिस चार्जचे तीन वर्षांचे हिशेब आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांची नोटीस मागा.

शेवटी सॉलिसिटरचा मालकीबद्दलचा अहवाल, 'रिपोर्ट ऑन टायटल' येतो, वीस-तीस पानांचा. तो वाचल्याशिवाय सही करू नका. एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. एक्स्चेंजच्या वेळी साधारण १० टक्के रक्कम जाते आणि नंतर माघार घेतली तर ती बुडते. घराचा विमाही त्याच दिवसापासून सुरू करा. टीआर१ (मालकी हस्तांतराचा दस्त) आणि मॉर्टगेज डीडवर साक्षीदार लागतो. घरच्यांना नको, शेजारी किंवा सहकारी घ्या. जोडीदार त्या वेळी भारतात असणार असेल तर ते सॉलिसिटरला महिनाभर आधी सांगा, कारण मूळ सहीचे कागद कुरिअरने जावे-यावे लागतात.

कम्प्लीशन शक्यतो शुक्रवारी ठेवू नका. पैसे अडकले तर सामानाची गाडी रस्त्यावर आणि बँक सोमवारपर्यंत बंद.

११. पैसे पाठवताना

फसवणूक करणारे ईमेल वाचत बसलेले असतात आणि ऐन वेळी "आमचं बँक खातं बदललंय" असा हुबेहूब ईमेल पाठवतात. सॉलिसिटरचा खाते क्रमांक पहिल्या भेटीत किंवा पोस्टाने घ्या. पाठवण्याआधी रजिस्टरवरून लिहून ठेवलेल्या नंबरवर फोन करून आकडे वाचून घ्या, ईमेलमधल्या नंबरवर नाही. आधी १ पौंड पाठवा, पोचल्याचं तोंडी कळल्यावर उरलेले. मोठ्या रकमेसाठी बँकेची रोजची मर्यादा आणि चॅप्सची (मोठ्या रकमा त्याच दिवशी पोचवण्याच्या व्यवस्थेची) वेळ आदल्या आठवड्यात विचारून ठेवा.

१२. सॉलिसिटर काम करत नसेल तर

दोन आठवडे उत्तर नाही, तर फाइल हाताळणाऱ्याला सोडून फर्मच्या तक्रार हाताळणाऱ्या व्यक्तीला लिहा. तिचं नाव नेमणुकीच्या पत्रात असतं. फर्मला आठ आठवड्यांची मुदत असते. समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे) तक्रार विनामूल्य करता येते, फर्मचं शेवटचं उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अप्रामाणिकपणाचा संशय असेल तर ती बाब एसआरएची.

मधेच सॉलिसिटर बदलताही येतो. झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि नवी फर्म ओळख, पैशांचा माग, सगळं पुन्हा तपासते. आधी मागवलेले सर्च नव्या फर्मला आणि बँकेला चालतात का ते विचारा, बहुतेक बँका सहा महिन्यांच्या आतले चालवून घेतात. कम्प्लीशननंतर स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न १४ दिवसांत जायला हवं. त्या तारखेला पावती मागून घ्या, आणि काही महिन्यांनी लँड रजिस्ट्रीचं नवं रजिस्टर ७ पौंडांत काढून मालकाच्या रकान्यात दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणे लागली आहेत का ते पाहा.